दहा आठवड्यांचं पिल्लू चावतंय: खेळ आहे की खुनशीपणा?

प्रश्न थोडक्यात असा. वीटभट्टीजवळून पाच आठवड्यांचं असताना उचलून आणलेलं पिल्लू आता दहा आठवड्यांचं झालंय. सहा वर्षांच्या मुलीच्या पोटऱ्या धरतं, फ्रॉकची कड दातात पकडून गुरगुरत मान झटकतं, दिवेलागणीला तर आवरतच नाही. शेजारचे काका म्हणतात, "ह्यात लांडग्याचं रक्त आहे. उताणं पाडा, गळा दाबून धरा, शरण येईस्तोवर सोडू नका. लांडगे तसंच करतात." तुम्ही विचारताय की पिल्लू आक्रमक आहे का, लांडग्याची पिल्लं खरंच अशी असतात का, आणि काकांचं ऐकावं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: ऐकू नका. का ते पुढे सांगते.

त्याहीआधी एक. मुलीच्या कातडीवर दात लागून ओरखडा जरी उठला असेल, तर उत्तर वाचणं बाजूला ठेवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि आजच डॉक्टरांकडे जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. भट्टीवरच्या पिल्लाच्या आईला लस मिळाली होती की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि रेबीजच्या बाबतीत "लहानच तर आहे" हा हिशेब चालत नाही. पिल्लाचं लसीचं वेळापत्रकही पशुवैद्यांकडून याच आठवड्यात लिहून घ्या.

आता मूळ मुद्दा. मी पुणे जिल्ह्यात एकवीस वर्षं कुत्र्यांच्या वागणुकीचं काम करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या दर तीन-चार फोनांमागे एक तुमच्यासारखा असतो. "आक्रमक आहे का" असं लोक विचारतात, पण तपशील ऐकला की बहुतेक वेळा अडचण वेगळीच निघते: पिल्लाला खेळता येत नाही. खेळायची ओढ पुरेपूर असते, रीत माहीत नसते. ही रीत जन्मजात पूर्ण मिळत नाही. थोडी अंगात असते, बाकीची भावंडांत लोळून येते. तुमचं पिल्लू नेमकं त्या शाळेतून अर्ध्यावर उठवलेलं आहे.

गेल्या हिवाळ्यात कारखान्याच्या रस्त्याला नादुरुस्त होऊन पडलेल्या उसाच्या ट्रॉलीखाली एक कुत्री व्याली होती. पाच पिल्लं. मी जाता-येता थांबून बघायचे. साडेतीन आठवड्यांची असताना त्यांचा खेळ म्हणजे नुसतं धडपडणं. एकानं तोंड उघडायचं, त्यात दुसऱ्याचा कान आपोआप जायचा, दोघंही काय झालं हे न कळल्यासारखी तशीच बसायची. कोण कोणाला चावतंय याचा पत्ता नाही. पाचव्या आठवड्यात दुधाचे दात आले आणि चित्र पालटलं. हे दात सुईसारखे असतात. जबड्यात अजून जोर नसतो, तरी हळू चावलं की लागतं. एक बदामी रंगाचं पिल्लू होतं, सगळ्यांत धट्टंकट्टं. त्यानं एका काळीचा पाय धरला, ती केकाटली, त्यानं सोडलं. लगेच पुन्हा धरला, पुन्हा केकाटली, आणि या वेळी उठून ट्रॉलीच्या चाकामागे जाऊन बसली. खेळ खलास. बदामी मध्येच उभं राहिलं, इकडं तिकडं बघितलं, मग पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवायला गेलं आणि नाकावर आपटलं. ट्रेनर लोक ज्याला 'प्ले बो' म्हणतात त्याची ती पहिली कच्ची आवृत्ती. काळी आली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो पाय धरताना मी पाहिलं: तोंड उघडं, दात टेकलेले, पण दाब नाही.

हा दाबाचा अंदाज माणूस शिकवू शकतो, पण भावंडांच्या निम्म्या वेगानंही नाही.

खेळाबद्दल एक गोष्ट लक्षात घेतली की बरंच कोडं सुटतं: त्यातली जवळजवळ प्रत्येक हालचाल उसनी असते. दबा धरणं, पाठलाग, झडप, धरून झटकणं हे शिकारीतलं. खांद्यानं ढकलणं, अंगावर पाय टाकणं, मान धरणं हे भांडणातलं. पाठीवर चढणं समागमातलं. तुमच्या मुलीच्या फ्रॉकचं जे होतंय ती उंदीर-सशासारखं छोटं सावज मारायची झटक आहे, यात शंका नाही. म्हणून काका घाबरले असतील तर त्यांचंही चुकलं नाही. पण या उसन्या हालचाली खेळात क्रमानं येत नाहीत. शिकारीत पाठलागानंतर झडप, झडपेनंतर चावा अशी साखळी असते. खेळात ती मध्येच तुटते, उलटी होते, ज्याचा पाठलाग चालला होता तोच वळून पाठलाग करायला लागतो. आणि मधे मधे "मी खेळतोय बरं का" असं सांगणाऱ्या खुणा पेरलेल्या असतात.

अमेरिकेतले प्राणी-वर्तनाचे अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी कुत्रे, लांडगे आणि कोयोटी (लांडग्याचा अमेरिकेतला लहान नातलग) यांच्या पिल्लांवर यासाठी वर्षानुवर्षं काम केलं. १९९५च्या त्यांच्या लेखात एक निरीक्षण आहे, ते मी प्रत्येक वर्गात सांगते. चावून मान झटकणं ही खेळातली सगळ्यांत गैरसमज होण्याजोगी हालचाल. प्ले बो दिसतो तो बरेचदा नेमका तिच्या आधी किंवा लगेच नंतर. आपण वाक्यात विरामचिन्हं देतो तसा. म्हणजे तुमचं पिल्लू फ्रॉक झटकून झाल्यावर मागे सरून बूड वर करून उभं राहत असेल, तर त्याला निम्मी भाषा येते आहे. पुढच्या वेळी हे नीट बघा.

आता लांडगे. पिल्लू लांडग्याचं आणि कुत्र्याचं यात मोठा फरक वेळापत्रकाचा आहे, आणि खेळ त्या वेळापत्रकावरच उभा राहतो. संशोधक कॅथरीन लॉर्ड यांचं २०१३ मधलं काम यात मला फार उपयोगी वाटतं. त्यांना दिसलं की दोघांचीही इंद्रियं साधारण एकाच वेळी जागी होतात: नाक दोन आठवड्यांना, कान चार आठवड्यांना, डोळे नीट काम करायला सहा आठवडे. फरक पायांचा. लांडग्याचं पिल्लू दोन आठवड्यांचं असतानाच चालायला, हुंगत फिरायला लागतं, तेव्हा ते जवळजवळ बहिरं आणि आंधळं असतं. कुत्र्याचं पिल्लू चार आठवड्यांना फिरायला लागतं, तोवर कान लागलेले असतात. त्यामुळे लांडग्याच्या पिल्लाला जग आधी फक्त वासानं कळतं. नंतर जेव्हा पहिल्यांदा आवाज ऐकू येतात, आकार दिसायला लागतात, तेव्हा ते दचकतं. ओळख करून घ्यायची त्याची खिडकी लवकर उघडते आणि लवकर मिटते. कुत्र्याची उशिरा उघडते आणि बराच काळ उघडी राहते. अमेरिकेतल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी बरीच वर्षं पिल्लं वाढवून जो काळ सांगितला होता, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा, तो आजही आम्ही कामापुरता धरतो. तुमचं पिल्लू दहा आठवड्यांचं आहे. अजून वेळ आहे, पण उधळायला नाही.

लांडग्यांची पिल्लं खेळतात कशी? मी मोकळ्या रानात फक्त दोनदा बघितली आहेत, तीही लांबून. पुरंदरच्या माळावर एका धनगर मामांनी दुर्बीण घेऊन यायला सांगितलं होतं. ते स्वतः वाड्यावरच्या मेंढरांची काळजी करत होते, पण पिल्लांबद्दल बोलताना आवाज मऊ व्हायचा. घळीच्या तोंडाशी चार पिल्लं, अंदाजे दोन महिन्यांची. त्यांच्याकडे खेळणं होतं: रबरी टायरची एक फाटकी चप्पल. एकानं ती तोंडात धरून पळायचं, तिघांनी मागं लागायचं. जो पकडेल तो पळणार. मामा म्हणाले, "ती माझीच हाय. मागल्या महिन्यात गेली." जवळ एक मोठा लांडगा आडवा पडला होता, बहुधा आधीच्या वर्षीचा भाऊ. एक पिल्लू त्याची शेपूट ओढत होतं आणि तो शेपूट हलवून सोडवून घेत होता, बाकी काही नाही.

हे दृश्य घ्या आणि वीटभट्टी आठवा. लांडग्याच्या पिल्लाभोवती आई-बाप असतात, मागच्या वेतातली थोरली भावंडं असतात. ती पोटातलं अन्न ओकून भरवतात, आणि खेळायलाही हाताशी असतात. आपल्या रस्त्यावरच्या पिल्लाला बहुतेक आई आणि बरोबरीची भावंडं, एवढंच. त्यातही भावंडं टिकत नाहीत. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ३६४ पिल्लांचा माग ठेवला, त्यातली सात महिन्यांपर्यंत जगली ती जेमतेम १९ टक्के. म्हणजे पिल्लू उचलून तुम्ही वाईट केलंत असं मी मुळीच म्हणणार नाही. फक्त सौद्याची दुसरी बाजू सांगते. विक्रीसाठीच्या पिल्लांना आठ आठवड्यांच्या आत विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या नियमांनी मनाई आहे. पाचव्या आठवड्यात भावंडांपासून तुटलेल्या पिल्लांत मला जे दिसतं, त्यावरून तो नियम शहाणपणाचा वाटतो.

खेळात सगळं समसमान असतं, आळीपाळीनं वर-खाली होतं, असा एक गोड समज आहे. मीही पूर्वी तसंच शिकवायचे. ऑस्ट्रियातल्या अर्न्स्टब्रुन इथल्या लांडगा संशोधन केंद्रात २०१६ मध्ये हे तपासलं गेलं. लांडग्यांच्या पिल्लांत अशी अर्धी-अर्धी वाटणी सरसकट दिसली नाही, आणि मोठे लांडगे पिल्लांशी खेळताना मुद्दाम पडतं घेण्यापेक्षा वरचढच जास्त राहिले. पण त्याच अभ्यासात एक गोष्ट आहे ती मला फार आवडते: प्रत्येक पिल्लाला निदान एक तरी जोडीदार असा होता, ज्याच्याशी त्याचा खेळ बरोबरीचा होता. कोयोटीची पिल्लं अजून वेगळी. ती आधी खरीखुरी भांडून कोण मोठा ते ठरवतात, मग खेळायला लागतात. लांडग्यांत आणि कुत्र्यांत त्या वयात खेळ जास्त, भांडण कमी. काकांना सांगायला हरकत नाही: लांडग्यावर गेलं असतं तर ते खेळकरच निघालं असतं.

आणि उताणं पाडण्याबद्दल. 'अल्फा' लांडग्याची कल्पना (कळपावर दांडगाईनं राज्य करणारा म्होरक्या) मुख्यतः स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या निरीक्षणांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी ती १९४७ मध्ये मांडली. तिथं एका कुंपणात कोंडलेले लांडगे होते, मोकळ्या रानातलं कुटुंब नव्हे. अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेच यांनी स्वतःच्या पुस्तकातून ती कल्पना जगभर पोचवली होती, आणि त्यांनीच कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्स्मिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांजवळ अनेक उन्हाळे काढून १९९९ मध्ये ती मागे घेतली: रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, बस. आणि लांडगा दुसऱ्याला धरून उताणा पाडत नाही. खालचा आपण होऊन पोट दाखवतो. ही दोन वेगळी कामं आहेत, दिसायला मात्र एकच.

हे मी पुस्तकातून शिकले असते तर बरं झालं असतं. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका घरी मी सात महिन्यांच्या कुत्र्याला असंच दाबून धरलं होतं. मालक बघत होते, मला माझी हुशारी दाखवायची होती. तो आधी ताठला, मग गप्प झाला. मला वाटलं जिंकले. हात काढला तसा त्यानं तळवा फोडला. अजून थंडीत ती शिवण ओढते. त्यात त्याचा दोष शून्य. तोवर गुरगुरून सांगत होता, ते मी बंद पाडलं होतं.

लांडग्याच्या रक्ताबद्दल एवढंच: पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत दिसलं आहे, तेव्हा काका हवेत बोलत नाहीत. पण दहा आठवड्यांचं पिल्लू दातानं जग चाचपतं यासाठी लांडगा लागत नाही, लॅब्राडोर पुरतो. आणि उलट बाजूही बघा. २०२० मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी आठ आठवड्यांच्या १३ लांडग्याच्या पिल्लांपुढे चेंडू टाकला. अनोळखी माणसानं बोलावल्यावर त्यातल्या तिघांनी तो उचलून परत आणून दिला, कोणीही शिकवलेलं नसताना. माणसाशी खेळायचं बी लांडग्यातही कुठंतरी पडलेलं आहे. (एक अवांतर: माळावर किंवा उसात खरंच लांडग्याचं पिल्लू दिसलं तर उचलू नका. मादी बहुधा आसपासच असते, आणि लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.)

तर आतापर्यंतचं इतकंच: हालचाली शिकारीच्या असल्या तरी त्यावरून हेतू ठरत नाही, दाबाचा अंदाज भावंडांत येतो, आणि तुमच्या पिल्लाचा तो अभ्यास बुडालेला आहे.

पण मी ते पाहिलेलं नाही. म्हणून काही गोष्टी परिस्थितीवर सोडते. पोटात जंत, कानाची ठणक, कुठं मुका मार असेल तर साधं खेळकर पिल्लूही फटकन चावतं, ते पशुवैद्यांनी बघावं. भट्टीवर अन्नासाठी मारामारी होती का, हेही महत्त्वाचं. मला मोबाईलवरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ दिलात तर मी हे बघेन: अंग सैल आहे की ताठ? मधे थांबतंय का, शिंकतंय का, उगाच आपटून पडतंय का? आवाज भरपूर आहे की एकदम शांतता? गुरगुर आणि नाचणं एकत्र असेल तर मी निवांत असते. ताटली किंवा हाड समोर आहे, अंग गोठलंय, तोंड मिटलंय, डोळे एकटक आणि आवाज नाही, असं असेल तर ते खेळणं नाही. तेव्हा मुलीला दूर ठेवा आणि प्रत्यक्ष बघणाऱ्या माणसाला बोलवा.

खेळच असेल तर काम सोपं आहे, कंटाळवाणं आहे. दात जोरात लागले की ट्रॉलीखालच्या काळीनं केलं तेच करायचं: खेळ बंद, उठून निघून जायचं, पंधरा-वीस सेकंद. रागावायचं नाही, ओरडायचं नाही. किंकाळी फोडावी असं बरेच जण सांगतात. काही पिल्लांना ती लागू पडते, काहींना अजून चेव येतो, दोनदा करून बघा आणि चेव येत असेल तर सोडून द्या. मग परत या आणि हातात दोरी घेऊन या. जुन्या चादरीची हातभर वेणी घाला, टोकाला गाठ. झटकायची हौस तिच्यावर फेडू दे. रस्सीखेचीनं कुत्रं डोक्यावर बसतं असं म्हणतात. इंग्लंडात साउदॅम्प्टनला १४ गोल्डन रिट्रीव्हर घेऊन हे तपासलं होतं, जिंकू दिल्यानं कोणी शिरजोर झालं नाही. दिवेलागणीचा दंगा बहुतेक वेळा झोप अपुरी झाल्याचा असतो. या वयाचं पिल्लू दिवसाचे अठरा-एक तास झोपतं, तुमच्याकडे मुलगी शाळेतून आल्यापासून ते जागं असणार. चार ते सहा त्याला वेगळ्या खोलीत, अंधारात, पडून राहू द्या.

भावंडांची उणीव भरायला लस झालेलं, शांत, सहनशील एखादं मोठं कुत्रं शोधा. ओळखीत नक्की असेल. ते पिल्लावर एकदा "वुफ" करेल, तेव्हा मधे पडू नका. त्याच्या वयाचं पिल्लू मिळालं तर उत्तम. दोघं खेळताना शंका आली तर वरच्याला दोन सेकंद धरून ठेवा. खालचं पळून गेलं तर बरं झालं सोडवलंत. पुन्हा त्याच्याच अंगावर उडी मारायला आलं तर सोडून द्या त्यांना. सोबत म्हणून दुसरं पिल्लू घरी आणायचा विचार मात्र सध्या करू नका. दोन अर्धवट शिकलेली एकमेकांना शिकवत नाहीत.

राहिली मुलगी. पळालं की पाठलाग होतो, किंचाळलं की अजून मजा येते, हे सहा वर्षांच्या मुलीला समजावून उपयोग नाही. तिला स्टॅच्यू खेळता येतो ना, तो वापरा. पिल्लू पोटऱ्यांकडे आलं की तुम्ही म्हणायचं "स्टॅच्यू". तिनं हात छातीशी घडी घालून, आभाळाकडे बघत गोठून जायचं. हललं-बोललं की आउट. पिल्लू दोनदा हुंगेल, फ्रॉक एकदा ओढून बघेल, कंटाळून खाली बसेल. ते बसलं की तुम्ही "ओव्हर" म्हणा, आणि मगच तिनं वेणीची दोरी लांब फेकायची. पहिले आठ-दहा दिवस हा खेळ तुमच्यासमोरच व्हायला हवा, आणि तिचे फ्रॉक तेवढे दिवस कपाटात ठेवून जाडी जीन्स घाला.